मालवणात चार रात्री, तीन खोल्या

आईला मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता. तिचं वय ७६. गळ्यात माळ, दोन्ही गुडघे दुखणारे, आणि समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, गणपतीपुळ्याला देवदर्शन करून बाहेर पडताना. महाराजांच्या हातापायाचे ठसे त्या किल्ल्यात आहेत हे तिने लहानपणी तिच्या वडिलांकडून ऐकलं होतं. "एकदा ते ठसं डोळ्यानं बघू दे गं," असं ती तीन-चार वर्षं म्हणत होती. यंदा फेब्रुवारीत मी रजा टाकली आणि आई, मी आणि माझी चौदा वर्षांची भाची, अशा तिघी कोल्हापूरहून निघालो.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. सगळ्या सहलीला मिळून दहा हजार काढले होते. एसटीचा खर्च फारसा नव्हताच. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना अमृत योजनेत प्रवास मोफत, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे खरा पैसा राहण्यावर जाणार होता, आणि म्हणून खोली शोधायला मी पंधरा दिवस आधीच बसले. बारा-तेरा ठिकाणी फोन केले. वहीत तीन रकाने आखले: भाडं, पाणी, शाकाहारी जेवण. कितवा मजला हा चौथा रकाना मला सुचला नाही. घरात कोण राहतं, हा पाचवाही नाही.

मालवणजवळच्या तारकर्लीतलं एक ठिकाण पसंत पडलं. फोटोत निळा समुद्र, झोपाळा, माडाची सावली, पांढऱ्या चादरी. एसी खोली, १८०० रुपये रात्रीचे, तीन रात्री. फोनवरचा माणूस गोड बोलत होता. "ताई, समुद्र दारात आहे. चप्पल न घालता जाल." आईचं सांगितलं, तर म्हणाला, "आजींची काळजीच करू नका, तळमजल्यावर देतो. शाकाहारी जेवण घरचंच." त्याने ३००० आगाऊ मागितले, मी पाठवले. पैसे ज्या नावाने गेले ते नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. मी ते पाहिलं आणि घरातलंच कुणी असेल असं समजून पुढे गेले. आज मला तिथेच थांबून विचारावंसं वाटतं.

त्याने तिघींच्या आधार कार्डांचे फोटोही मागवले होते. तेही मी जसेच्या तसे पाठवले. आता मी पहिले आठ आकडे झाकलेलं आधार देते. ते आधारच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं आणि ओळख पटवायला पुरतं.

फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल करत मालवणला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईकडच्या माणसांनी स्टँड भरला होता, पिशव्या, ओटीचं सामान, कडेवर पोरं. आंगणेवाडीची जत्रा होती. भराडी देवीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन दरवर्षी दिवस ठरतो. मालवण तालुक्यातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. मला कोल्हापुरात कुणी सांगितला नव्हता, आणि खोली देणाऱ्याला तो नक्की माहीत असणार. या एका गोष्टीवर पुढचं सगळं फिरलं.

रिक्षातून तारकर्लीला जाताना फोन केला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा म्हणाला, "ताई, जरा अडचण झालीय. तुमच्या खोलीत कालचे पाहुणे थांबले. पण काळजी नको, आमचंच दुसरं घर आहे, तसंच आहे सगळं." तसंच काहीही नव्हतं. मुख्य रस्त्यापासून आत, दोन कंपाउंडांच्या बोळात एक दुमजली घर. समुद्राचा आवाज येत होता, समुद्र दिसत नव्हता. तळमजल्याला कुलूप. खोली वरती, बाहेरून जांभ्या दगडाचा जिना, सतरा पायऱ्या, कठडा नाही. आई खाली उभी राहून वर बघत राहिली. मग पदर खोचला आणि एका हाताने भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. मी मागे, भाची पुढे. त्या सतरा पायऱ्यांना आम्हाला किती वेळ लागला असेल, मोजला नाही. तिच्या हाताला भिंतीचा चुना लागला होता, तो तिने वर गेल्यावर लुगड्याला न पुसता माझ्या रुमालाला पुसला. चांगलं लुगडं होतं, किल्ल्यासाठी नेसलेलं.

चावी द्यायला आलेला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, झारखंडचा. त्याला मराठी येत नव्हतं आणि त्याच्याकडे उत्तर देण्यासारखं काही नव्हतंही. त्याच्यावर ओरडावं असं मला एकदाही वाटलं नाही.

खोलीत एसी होता, पण त्याचा रिमोट नव्हता. मुलगा म्हणाला, व्होल्टेज कमी आहे, तसाही चालत नाही. उशी उचलली तर खालून ओल्या गोणपाटासारखा वास आला. समुद्रकाठी बंद खोलीत असा वास धरतोच, खारी हवा कापूस सोडत नाही, हे मला मान्य आहे. पण गाद्या उन्हात टाकल्या तर तो जातो, आणि तारकर्लीत ऊन विकत घ्यावं लागत नाही. गीझरचं बटण लावलं, लाल दिवा लागला, अर्ध्या तासाने पाणी कोमटसुद्धा नव्हतं.

पाणी मात्र नीट सांगण्यासारखं आहे. आईने तोंड धुतलं आणि चूळ भरून थुंकली. "मीठ हाय गं ह्यात." साबण हाताला घासला तर फेस येईना, नुसता पांढरा चिकट थर यायचा आणि तो निघायचा नाही. भाचीने केस धुतले, ते वाळल्यावर काथ्यासारखे झाले. किनाऱ्याच्या पट्टीत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. गर्दीच्या दिवसांत पंप लावून उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं. यात कुणाचा खोटेपणा नाही, ती जागाच तशी आहे. पण फोनवर मी "पाणी कसं आहे?" असं स्पष्ट विचारलं होतं आणि माझ्या वहीत त्याचं उत्तर लिहिलेलं होतं: "एक नंबर गोडं".

घरच्या शाकाहारी जेवणाचं विचारलं तर मुलाने रस्त्यावरच्या खानावळीचं कार्ड दिलं. तिथे भाजीच्या वाटीत आईला माशाचा वास आला. ती काही न बोलता ताटावरून उठली आणि रात्री राजगिऱ्याचे दोन लाडू खाऊन झोपली. रात्री खालच्या मजल्यावर माणसं आली. जत्रेहून परतलेली, आनंदात असलेली साधी माणसं. त्यांच्यातल्या एका बाईंनी सकाळी नळावर मला सांगितलं की तळमजल्याच्या बिनएसी खोलीला त्यांनी १००० दिले. वरच्या खोलीचं भाडंही तेवढंच, असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. मी १८०० वर ठरवलं होतं, एसीचे म्हणून.

मी त्याला फोन केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, की एसी नाही, तळमजला नाही, जेवण नाही, आम्ही आज सोडतो, एका रात्रीचे बिनएसीच्या दराने १००० घ्या आणि २००० परत करा. तो म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतःच्या मर्जीने चाललात. आगाऊ रक्कम परत होत नाही. सीझनला असंच असतं." पावती मागितली तर फोन ठेवला.

निघण्याआधी मी खोलीचे, जिन्याचे, रिमोट नसलेल्या एसीचे आणि गीझरचे फोटो काढले. घराच्या पाटीवरचा नंबर आणि वाडीचं नाव लिहून घेतलं. ते पुढे उपयोगी पडलं.

दुसरी रात्र मालवण शहरात, स्टँडच्या जवळच्या एका लॉजवर काढली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जत्रेची गर्दी होती, चार ठिकाणी नाही म्हणाले, पाचव्या ठिकाणी खोली मिळाली. १२०० रुपये, तळमजला, एवढ्यावर मी हो म्हटलं. दाखवली एक खोली आणि सामान आणेपर्यंत दिली दुसरी, तिच्या शेजारची. मी थकले होते, वाद घातला नाही. 'चोवीस तास' असं बाहेर लिहिलेलं होतं, आत गेल्यावर कळलं की सकाळी दहाला खोली सोडायची. संडासाच्या दाराला कडी नव्हती, सुतळी होती.

रात्री दीडला आई उठून बसली. "अंगावर काय तरी चालतंय." मी मोबाईलचा दिवा लावला आणि चादर वर केली. गादीच्या शिवणीला, जिथे दोन कापडं एकत्र येतात त्या दोऱ्याच्या रेषेत, बॉलपेनाने टिंबं काढावीत तसे काळे डाग होते, ओळीने. दोन टिंबं हलली. ढेकूण. आईच्या दंडावर एका रेषेत चार गांध्या उठल्या होत्या, मधे साधारण बोटाएवढं अंतर. तिने त्यांच्यावर पदर ओढून घेतला, जणू कुणाला दिसू नयेत. माझ्या आईने आयुष्यभर शेणाने सारवलेल्या, नंतर फरशीच्या, पण कायम लख्ख घरात संसार केला आहे. त्या रात्री ती खुर्चीवर बसून राहिली, पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि पोथी नसताना तोंडपाठ हरिपाठ म्हणत राहिली. भाचीला मी टेबलावर बॅग उशाला देऊन झोपवलं. मी दाराला टेकून जमिनीवर. आईला इथे आणलं याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं, आणि राग आला तो ढेकणांचा नाही. ते डाग एका दिवसाचे नव्हते. चादर बदलणाऱ्या माणसाला ते दर वेळी दिसत होते, आणि तरी तो वरून नवी चादर घालत होता.

बाहेर खोली घेताना आता मी पिशवी जमिनीवर किंवा पलंगावर ठेवण्याआधी गादीचा कोपरा उचलते. डोक्याकडच्या बाजूची शिवण, पलंगाच्या फळीची फट आणि भिंतीला टेकलेली बाजू, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. ढेकूण रक्त न पिता कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे खोली बरेच दिवस रिकामी होती म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ते पिशवीच्या शिवणीत बसून घरीही येतात. कोल्हापूरला परतल्यावर सगळे कपडे दारातच काढून कढत पाण्यात टाकले आणि बॅगा चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या.

सकाळी सहाला आम्ही बाहेर पडलो. आई म्हणाली, "किल्ला लांबनं दिसतोय का बघ, नमस्कार करू आणि माघारी जाऊ." जेट्टीवरून तो दिसतोच. पाण्यात आडवा पसरलेला, तटाची नागमोडी रेघ. तिने हात जोडले. ठशांसाठी आलेली आई किनाऱ्यावरून परत जाणार, हे मला सहन होईना.

रिक्षावाले काका बाजूला उभे होते. त्यांनी आईचा चेहरा पाहिला असावा. कुठे उतरलात विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. तारकर्लीतल्या त्या घराचे मालक मुंबईला असतात. घर त्यांनी चालवायला दिलंय. चालवणाऱ्याकडे अशी पाच-सहा घरं आहेत, काही त्याने स्वतः बघितलीही नसतील. फोन एकीकडे, पैसे दुसरीकडे, चावी तिसऱ्याकडे. गर्दी झाली की जास्त देणाऱ्याला चांगली खोली आणि आधी पैसे भरलेल्याला उरलेली. "ताई, खोली घेताना एकच विचारायचा," काका म्हणाले, "तुम्ही स्वतः थंय रवतात काय?" तुम्ही स्वतः तिथे राहता का.

चिवला बीचच्या मागच्या वाडीत त्यांनी आम्हाला एका बाईंकडे नेलं. कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात तुळस, बाजूला काढलेल्या दोन खोल्या. फाटकावर पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेची पाटी होती, रंग उडालेली. बाई साठीच्या असतील. "येवा. खंयसून इलात?" म्हणाल्या आणि आधी आईला खुर्ची दिली, मग पाणी, मग बोलायला सुरुवात केली.

आणि त्यांनी पहिल्यांदा काय नाही ते सांगितलं. हे मी मुद्दाम लिहितेय. "एसी नाय. रात्री वारो येता, पंखो पुरता. पाणी खारट आसा, आंघोळीक चलात, पिऊक नको. पिऊचा मी वेगळा भरून ठेवतंय. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखो आणि एक दिवो, मोबाईल चार्ज करूचो नाय. संडास खोलीक लागून आसा पण लहान." मग खोली उघडून दिली आणि स्वतः बाहेर थांबल्या. मी गादी उचलून बघू लागले तर म्हणाल्या, "बघा, बघा. चारी कोपरे बघा." गाद्या पातळ होत्या, कापसाच्या, आणि त्यांना उन्हाचा वास होता. भाडं १२०० रुपये, न्याहारी धरून. ढेकणांच्या खोलीला मी तेवढेच दिले होते.

आईच्या गळ्यातली माळ त्यांनी मी काही सांगण्याआधी पाहिली. घरात मासे होतात हे लपवलं नाही. "आजी, माझ्याकडे वायली भांडी आसत," म्हणाल्या, आणि फळीवरून काळी पडलेली दोन पितळी भांडी काढून चिंचेने घासून आईच्या समोर ठेवली. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, सोलकढी. सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. आई त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून खोबरं खवत होती. दोघींच्या बोलीत निम्मे शब्द एकमेकींना कळत नव्हते, तरी बोलणं थांबत नव्हतं. ती दुपारी तीन तास झोपली.

संध्याकाळी मी बाईंना कालच्या दोन ठिकाणांबद्दल सांगितलं. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. मात्र धंद्याचं गणित त्यांच्याकडून मला पहिल्यांदा समजलं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ज्याच्याकडे अंगण होतं त्याने हळूहळू दोन खोल्या काढल्या. पण पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जत्रा, या मोजक्या आठवड्यांत वर्षाचं कमवायचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा त्यांची कौलं उडाली, माड पडले, वीज कित्येक दिवस नव्हती. खोल्या पुन्हा उभ्या करायला त्यांनी कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. शेजारच्या दोघांनी त्या वेळी कंटाळून घरं चालवायला दिली. चालवणाऱ्याला ठरलेली रक्कम मालकाला द्यायची असते, मग तो गादीवर खर्च कशाला करेल? त्या रात्री मला तारकर्लीच्या त्या माणसाचा राग कमी झाला असं नाही. पण त्याच्या मागची साखळी दिसली.

मी एक दिवस रजा वाढवली. चौथ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना आम्ही होडीत बसलो. बाईंनीच सांगितलं होतं की लवकर जा, दुपारी पाणी हलतं आणि आजींना चढता-उतरताना त्रास होईल. होडीवाल्याने आणि भाचीने आईला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं, हे भाचीने तिला वाचून दाखवलं. आईने उत्तर दिलं नाही, ती तटाकडे बघत होती. दरवाजातून आत गेल्यावर ठसे वर, छोट्या घुमटीत आहेत. पायऱ्या चढायला आईने माझा हात मागितला नाही. आदल्या दुपारची आणि रात्रीची झोप अंगात होती. चुन्यातल्या त्या पंजासमोर ती उभी राहिली आणि आपला पंजा जाळीजवळ उघडा धरला, मापायला धरावा तसा. बराच वेळ. मग शिवराजेश्वराच्या, म्हणजे महाराजांच्याच, देवळात गेली आणि तिथे बसली.

किल्ल्यात तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना समुद्र आणि त्यांचं पाणी गोडं. आईने सोबतच्या बाटलीत ते थोडं भरून घेतलं. तारकर्लीच्या नळाच्या पाण्याची चूळ तिच्या लक्षात होती. "महाराजांनी पाणी बघून जागा धरली," एवढंच म्हणाली.

परत आल्यावर पैशांचं काम हाती घेतलं. २००० रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही, आणि मला ते सोडायचे नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता आलं. तक्रारीचा क्रमांक मिळाला. समोर मोठी कंपनी असती तर हेल्पलाइन तिच्याशी परस्पर बोलते, इथे एकटा माणूस होता, म्हणून आधी लेखी नोटीस द्या आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, असं सांगितलं. तेव्हाच मला कळलं की २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मला सिंधुदुर्गच्या जिल्हा ठिकाणी, ओरोसला, खेपा घालायची गरज नव्हती, कोल्हापूरचा आयोग चालणार होता. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. पावती न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

नोटीस मी स्वतः लिहिली, वकील केला नाही. एका पानाची. कोणत्या तारखेला काय ठरलं, काय दिलं, काय मिळालं नाही. सोबत त्याच्या जाहिरातीचे फोटो, माझे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि तळमजला, गोडं पाणी यांना त्याने मेसेजमध्ये दिलेला होकार. आधी सगळं फोनवर बोलणं झालं होतं, पण सुदैवाने पैसे पाठवण्याआधी मी "तळमजला ना? पाणी गोडं ना?" असा मेसेज टाकला होता आणि त्याने हो म्हणून उत्तर दिलं होतं. सगळी नोटीस त्या दोन ओळींवर उभी होती. घराच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली, १५ दिवसांची मुदत दिली, आणि तीच त्याच्या नंबरवरही पाठवली.

अकराव्या दिवशी फोन आला, त्याचा नाही, मुंबईच्या घरमालकांचा. नोटीस शेजाऱ्याने त्यांना वाचून दाखवली होती. आपल्या घराच्या जिन्याला कठडा नाही आणि वर म्हाताऱ्या माणसांना ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकून बराच वेळ गप्प होते. त्याच संध्याकाळी चालवणाऱ्याकडून १२०० रुपये जमा झाले, एका रात्रीचे १८०० कापून. उरलेल्या ८०० साठी मी आयोगात गेले नाही. मार्चअखेर होती, पतसंस्थेत मान वर करायला वेळ नव्हता. ते तिथेच सोडलं याची रुखरुख मला अजून आहे. मालकांनी महिनाभराने जिन्याचा फोटो पाठवला. लोखंडी कठडा बसवला होता, लाल ऑक्साइड लावलेला, वरचा रंग अजून बाकी.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, त्या बाईंकडं परत जाऊ. मी फोन लावला आणि नाताळच्या सुट्टीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "नको ताई, तेव्हा नको. गर्दी असता, पाणी पुरणा नाय, आणि एका खोलीचो पंखो आवाज करता, दुरुस्तेक दिलोहा. जानेवारीत येवा." जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या तीन रात्री ठरल्या. आगाऊ किती पाठवू विचारलं, तर म्हणाल्या, इल्यावर द्या. आईने लगेच फोन मागून घेतला, तिला त्यांना काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं वाटण विचारायचं होतं.